शाळेआधीच्या मुलांसाठी ग्रंथालयातला गोष्टींचा तास: तान्ही बाळे आणि चार वर्षांची मुले एकत्र बसवावीत का?

प्रश्न: पुठ्ठ्याची पाने

नमस्कार. आमच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा गोष्टींचा तास सुरू करायचे ठरले असून त्याची आखणी माझ्याकडे आली आहे. वाचू लागलेल्या मुलांसाठी कथाकथन मी बरीच वर्षे करत आले आहे आणि त्या वयाच्या मुलांना कुठे हसू येते, कुठे ती पुढे सरकून बसतात, हे मला ठाऊक आहे. परंतु नुकतीच मान धरलेले बाळ, नुकतेच पाय फुटलेले मूल आणि दर वाक्याला ‘असे का?’ विचारणारी चार वर्षांची मुलगी यांना एकाच सतरंजीवर बसवून नेमके काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही. खोली एकच आहे आणि तास घेणारी मी एकटीच आहे.

तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. वयाप्रमाणे वेगळे तास ठेवणे खरोखर आवश्यक आहे का, आणि ठेवल्यास प्रत्येकाला किती वेळ द्यावा, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की, आमच्या कार्यकारी मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले आहे, ‘ज्यांना गोष्ट कळतच नाही, त्या बाळांसाठी गोष्टींचा तास कशाला?’ त्यांनी हे आकसाने विचारलेले नाही. ग्रंथालयाचा वेळ आणि मनुष्यबळ मर्यादित असताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मलाही वाटते, आणि म्हणूनच त्याला ‘लहानपणापासून गोडी लागते’ असे मोघम उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे, या तासात अक्षरे आणि अंक शिकवावेत, असे काही पालकांनी आतापासूनच सुचवले आहे. मला ते मनापासून पटत नाही, पण त्यामागची कारणे पालकांपुढे नीट मांडता यायला हवीत.

प्रतिसाद १: सतरंजी

तुमच्या तिन्ही प्रश्नांची मुळे एकच आहेत, असे मला वाटते, म्हणून सुरुवात मधल्या प्रश्नापासून करते.

सहा महिन्यांच्या बाळाला गोष्ट कळत नाही, हे त्या सदस्यांचे म्हणणे खरे आहे. पण त्या तासाला बाळ एकटे आलेले नसते. ते ज्या मांडीवर बसलेले असते, त्या मांडीचा मालक हाच आपला खरा श्रोता असतो. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे ग्रंथालयात काय घडले, याने एखाद्या बाळाच्या भाषेत फार मोठा फरक पडेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मात्र त्या वीस मिनिटांत आई, वडील, आजी किंवा आजोबा यांनी एक बडबडगीत उचलले, पुस्तक बाळाच्या हातात कसे द्यायचे ते पाहिले आणि तेच घरी आंघोळीच्या वेळी, लंगोट बदलताना, झोपवताना रोज केले, तर त्या एका तासाचे सात दिवस होतात. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या दोन विभागांनी मिळून चालवलेल्या ‘एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड’ या उपक्रमाचा रोख हाच आहे. त्याच्या २०११ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे आणि खेळणे अशा पाच साध्या कृती सांगितल्या आहेत, आणि या पाचही कृती करण्यासाठी घरात कोणीही फार शिकलेले असण्याची गरज नसते.

बाळांना काहीच पोहोचत नाही, असेही नाही. १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांना एक ठरावीक उतारा रोज मोठ्याने वाचायला सांगितले होते, आणि जन्मानंतर त्या बाळांनी अनोळखी उताऱ्यापेक्षा तोच उतारा ऐकणे पसंत केल्याचे त्यांना आढळले. अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी चाल, ठेका आणि आवाजातील चढउतार ओळखीचे होतात. तुमच्या मंडळापुढे ही माहिती ठेवायला हरकत नाही.

आता वयोगटांविषयी. शक्य असेल तर वेगळे तास ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, पण विभागणी जन्मतारखेवर न करता मुलाला काय करता येते, यावर करावी. चालू न लागलेली बाळे हा एक गट, चालणारी ते साधारण तीन वर्षांपर्यंतची हा दुसरा, आणि तीन ते पाच वर्षांची हा तिसरा. बाळांसाठी पंधरा ते वीस मिनिटे, मधल्या गटासाठी वीस ते पंचवीस आणि मोठ्यांसाठी अर्धा तास पुरेसा होतो. ठरलेली वेळ संपल्यानंतर खोली लगेच रिकामी करू नका. नंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत मुले मोकळी खेळतात आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. दिवसभर एकट्याने बाळ सांभाळणाऱ्या माणसाला त्या गप्पांची किती निकड असते, हे तुम्हाला दोन-तीन आठवड्यांतच दिसेल.

बाळांच्या तासाला पुस्तक एकच घ्यावे. जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, पानावर एखादेच ठसठशीत चित्र असलेले. नवजात बाळाची नजर साधारण वीस ते तीस सेंटीमीटर अंतरावर स्थिरावते, त्यामुळे समोर उभे राहून दाखवलेले चित्र त्याच्यासाठी असून नसल्यासारखे असते. एकाच पुस्तकाच्या चार-सहा प्रती असतील, तर त्या मोठ्यांच्या हातांत द्याव्यात आणि सर्वांनी एकत्र वाचावे. बाळ पुस्तक तोंडात घालेल. घालू द्यावे, या वयात वस्तू ओळखण्याची तीच रीत आहे, आणि पुस्तके तास संपल्यावर पुसून ठेवता येतात. उरलेला सारा वेळ बडबडगीते, बोटांचे खेळ आणि मांडीवर झुलवण्याची गाणी यांना द्यावा. प्रत्येक गाणे सावकाश म्हणावे आणि लागोपाठ निदान दोनदा म्हणावे, कारण पहिल्या वेळी मोठी माणसे शब्द शोधत असतात आणि दुसऱ्या वेळी त्यांचे लक्ष बाळाच्या चेहऱ्याकडे जाते.

मधल्या गटाला सर्वांत जास्त गरज असते ती ओळखीच्या क्रमाची. सुरुवातीचे गाणे ठरलेले हवे, शेवटचे गाणे ठरलेले हवे आणि मधला कार्यक्रमही तीन-चार आठवडे जवळजवळ तोच ठेवून दर वेळी एखादेच पुस्तक बदलावे. ‘तेच तेच काय घेता?’ अशी तक्रार मोठ्यांकडून येईल, मुलांकडून येणार नाही. २०११ साली हॉर्स्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द, निरनिराळ्या गोष्टींमधून तेच शब्द तेवढ्याच वेळा ऐकणाऱ्या मुलांपेक्षा, अधिक चांगले शिकले. पहिल्या वाचनात मूल घडते आहे काय, हेच शोधत असते. ते एकदा कळले, की त्याचे लक्ष शब्दांकडे वळायला मोकळे होते.

मोठ्या गटासाठी दोन किंवा तीन पुस्तके घ्यावीत आणि सर्वांत लांब पुस्तक आधी वाचावे. पुस्तक धरण्याची सवय मात्र आरशासमोर करून घ्यावी. खालच्या बाजूने, मधोमध, एका हाताने पुस्तक धरून ते आपल्या खांद्याच्या बाजूला ठेवायचे, पाने मुलांकडे पूर्ण उघडी असली पाहिजेत, आणि पान उलटणारा हात चित्रावरून जाता कामा नये. वाचणाऱ्याने मजकूर तिरक्या नजरेने वाचायचा असतो, म्हणून तो आधीच जवळजवळ पाठ असावा लागतो. पानावरचा मजकूर संपला, की लगेच पान उलटू नये. मुले शब्द ऐकून झाल्यानंतर चित्र वाचतात, आणि तेवढा वेळ त्यांचा हक्काचा आहे.

प्रतिसाद २: दुडुदुडु

मी ग्रंथालयात काम करत नाही. ज्याला एका जागी बसवत नाही, अशा मुलाचा मी पिता आहे, आणि त्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटतात.

पहिल्या काही वेळा आम्ही गोष्टींच्या तासाला गेलो, तेव्हा इतर मुले मांडीवर बसलेली असताना माझा मुलगा खोलीला प्रदक्षिणा घालत होता, आणि माझे सारे लक्ष इतरांच्या चेहऱ्यांकडे होते. आम्ही येणे थांबवले नाही, याचे कारण तिथल्या ग्रंथपालबाईंचे सुरुवातीचे निवेदन होते. त्या प्रत्येक वेळी, अगदी तेच ऐकून कंटाळा आलेली माणसे समोर असली तरीही, शांतपणे सांगत असत की या वयाची मुले फिरत फिरतच ऐकतात. मूल पुस्तकासमोर येऊन उभे राहिले किंवा फार रडू लागले, तरच त्याला हळूच बाजूला घ्यावे. बाहेर जावे लागले तर जावे आणि शांत झाल्यावर निःसंकोच परत यावे. यातले ‘परत यावे’ हे शब्द मला फार मोलाचे वाटले. अनेक पालक एकदा बाहेर गेले की संकोचाने घरीच निघून जातात आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत, आणि नेमकी हीच मुले असतात, ज्यांच्या घरी या तासाचा सर्वाधिक उपयोग झाला असता.

तो ऐकत होता, याचा पुरावा आम्हाला घरी मिळाला. तासात एकदाही न बसलेला हा मुलगा एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि बोटांच्या खेळातली बोटे मिटण्याची कृती त्याने बरोबर त्याच क्रमाने करून दाखवली, शब्दांच्या जागी नुसते सूर लावून.

खोलीविषयी एक विनंती आहे. या मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर उघडी कपाटे, तारा, संगणक किंवा खेळण्यांची टोपली असेल, तर गोष्ट कितीही सुंदर असो, ती हरणार. खेळणी चादरीखाली झाकून ठेवावीत आणि शेवटच्या गाण्यानंतरच उघडावीत. तसेच निवेदनात ‘आयांनो’ असे म्हणू नये. तासाला बाबा, आजी-आजोबा, आत्या, मावशी, सांभाळणाऱ्या ताई असे सगळेच येतात, आणि ‘मोठ्या मंडळींनी’ एवढे म्हटल्याने सर्वांना सामावून घेता येते. वेळ ठरवताना दुपारच्या झोपेचाही विचार करावा. पेंगुळलेल्या मुलाला कोणतीच गोष्ट रमवू शकत नाही.

प्रतिसाद ३: बोलकी चित्रे

लहान मुलांच्या वाचा-भाषा विकासाच्या क्षेत्रात मी काम करते. अक्षरे आणि अंक शिकवण्याच्या मागणीबद्दल लिहिते, कारण या मागणीमागची पालकांची काळजी खरी आहे आणि तिला उत्तरही तेवढेच गांभीर्याने दिले पाहिजे.

वाचन शिकण्यासाठी अक्षरांची ओळख लागते, यात शंका नाही. पण अक्षर हे ध्वनीचे चिन्ह आहे, आणि ज्या मुलाला बोलण्यातले ध्वनी वेगवेगळे ऐकू येत नाहीत, त्याला चिन्ह कशाचे आहे, हेच उमगत नाही. बडबडगीतात यमक जुळते, तेव्हा दोन शब्दांची शेपटे सारखी आहेत, हे मुलाच्या कानाला कळते. टाळीच्या ठेक्यावर शब्द तोडून म्हटला, की त्याचे तुकडे पडतात, हे कळते. गाण्यात प्रत्येक अक्षर लांबवले जाते, तेव्हा एरवी घाईत निसटणारे ध्वनी सुटे ऐकू येतात. पालकांना सांगा की या तासात वाचनाचीच तयारी चालू आहे, फक्त ती कानापासून सुरू होते. रेघोट्या मारणे, कागद फाडणे, मातीचा गोळा वळणे यांनी बोटांत पुढे पेन्सिल धरण्याचे बळ येते. त्यासाठी तीन वर्षांच्या मुलाला अक्षर गिरवायला बसवण्याची आवश्यकता नाही. मोठ्या गटात एखाद्या मुलाने स्वतःहून पुस्तकाच्या नावातले ओळखीचे अक्षर दाखवले, तर त्याचे कौतुक जरूर करावे. मात्र त्यानंतर इतरांची परीक्षा घेऊ नये.

याहून अधिक फळ देणारी गोष्ट म्हणजे पुस्तकावरचे संभाषण. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना, चित्राचे पुस्तक वाचताना मुलाला बोलते करण्याच्या काही युक्त्या शिकवल्या होत्या. जेमतेम एका महिन्यानंतर त्या मुलांची बोलण्याची भाषा, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचे दिसले. या रीतीला संवादी वाचन म्हणता येईल, आणि ती प्रत्यक्षात किती साधी आहे, हे एका पानावरून दाखवते.

समजा, चित्रात पावसात उभा असलेला हत्ती आहे. मोठे माणूस विचारते, ‘हे कोण आहे?’ मूल म्हणते, ‘हत्ती.’ इथे ‘शाब्बास’ म्हणून पान उलटले, तर संधी गेली. त्याऐवजी मोठ्या माणसाने म्हणावे, ‘हो, हत्ती. भिजलेला हत्ती.’ आणि थोडे थांबावे. बहुतेक मुले आपणहून ‘भिजलेला हत्ती’ म्हणतात. न म्हटल्यास ‘तू म्हणतोस?’ एवढेच विचारावे. पुढच्या वाचनात ‘हे कोण?’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि ‘हत्ती का भिजला?’ असे विचारावे. त्यानंतरच्या वेळी ‘तू कधी भिजला होतास?’ असे विचारावे, म्हणजे पुस्तकातला पाऊस मुलाच्या स्वतःच्या आठवणीपर्यंत पोहोचतो. या सगळ्यात अवघड असते ते थांबणे. लहान मुलाला उत्तर जुळवायला आपल्याला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, आणि आपण ती शांतता सहन न होऊन मध्येच उत्तर सांगून टाकतो. मनातल्या मनात पाच अंक मोजावेत, असे मी पालकांना सांगते. गटामध्ये हे सारे प्रत्येक पानावर करू नका, नाहीतर गोष्टीचा धागा तुटतो. एका पुस्तकात दोन-तीन जागा पुरेत. पण त्या जागा मुद्दाम सर्वांसमोर करून दाखवा, म्हणजे मोठ्या मंडळींना ती रीत घरी नेता येईल.

आणखी एक आग्रह. घरी जी भाषा मोकळेपणाने बोलली जाते, त्याच भाषेत मुलाशी बोलावे आणि गावे, हे तुमच्या व्यासपीठावरून सांगितले गेले पाहिजे. तासाची भाषा वेगळी असली, तरी ‘हेच गाणे तुमच्या घरच्या भाषेतही म्हणा’ या एका वाक्याने अनेक आजी-आजोबांचा संकोच जातो. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी, आणि खरे तर सर्वांसाठीच, वाचणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये. मागून उजेड आला, की चेहरा काळवंडतो आणि ओठांच्या हालचाली दिसत नाहीत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: पुठ्ठ्याची पाने

तिघांचेही मनापासून आभार. मंडळापुढे काय मांडायचे, हे आता स्पष्ट झाले आहे. दोन अडचणी तेवढ्या उरतात. मला सुरुवातीला आठवड्यात एकच तास मिळणार आहे, आणि अनेक घरांत बाळ आणि त्याचे मोठे भावंड दोन्ही असल्यामुळे एकाला घरी ठेवून या, असे सांगणे योग्य वाटत नाही. दुसरे म्हणजे, ज्यांना येणे जमत नाही, त्यांच्यासाठी तासाचे चित्रीकरण करून ते पाठवावे, अशी सूचना आली आहे. त्यावर तुमचे मत काय?

प्रतिसाद ४: सतरंजी

एकच तास असेल, तर तो सर्व वयांसाठी मोकळेपणाने ठेवा आणि ‘कुटुंबांचा तास’ असे त्याचे नाव लावा, म्हणजे येणाऱ्यांच्या अपेक्षा बरोबर राहतील. आखणी करताना मधल्या गटाला धरून करा. पहिली पाच-सात मिनिटे गाणी आणि मांडीवरचे खेळ घ्या, ज्यांत बाळेही सामील होतील; मग एकच बऱ्यापैकी लांब गोष्ट, जिच्यात एखादे वाक्य दर पानावर परत येते आणि सर्वांना ते एका सुरात म्हणता येते; मग उठून नाचण्या-उड्या मारण्याचे गाणे; आणि शेवटी एक छोटे पुस्तक. चार-पाच वर्षांच्या मुलांना काम दिले, की ती लहानांमध्ये कंटाळत नाहीत. रुमाल वाटणे, परत येणारे वाक्य कधी म्हणायचे त्याची खूण करणे, पुढच्या गाण्याचे चित्र निवडणे ही कामे ती फार जबाबदारीने करतात.

पातळ रंगीत रुमाल हे माझे सर्वांत आवडते साधन आहे, कारण तो प्रत्येक वयाला वेगळा उपयोगी पडतो. बाळाच्या चेहऱ्यावरून तो अलगद ओढला, की लपाछपी होते. दोन वर्षांचे मूल तो मुठीत कोंबून ‘एक, दोन, तीन’ म्हणताच वर उडवते. आणि चार वर्षांचे मूल त्याचा पंख, पदर, पाऊस असे काय काय करते. खुळखुळे वापरणार असाल, तर शिवण पक्की आहे आणि झाकण सुटत नाही, हे दर वेळी तपासा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांच्या सुरक्षा-चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. त्या नळीत जी वस्तू किंवा तिचा सुटलेला तुकडा पूर्णपणे मावतो, तो गिळला जाण्याचा धोका असतो. तोंडात गेलेली खेळणी लगेच वेगळ्या टोपलीत टाकावीत आणि धुतल्याखेरीज पुन्हा काढू नयेत.

मागे बसून आपापसांत बोलणाऱ्या किंवा फोन पाहणाऱ्या मोठ्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रसंग येणारच आहे. सर्वांसमोर कुणालाही टोकू नका. खुर्च्या मागे नेऊन ठेवल्या, की माणसे प्रेक्षक होतात. म्हणून ज्यांना गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास आहे, त्यांच्यासाठीच्या खुर्च्या सतरंजीच्या कडेला, मुलांच्या शेजारी ठेवा. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. मोठ्यांच्या हाताला काम आणि डोळ्यांना शब्द मिळाले, की बहुतेकांचे बोलणे आपोआप थांबते.

प्रतिसाद ५: बोलकी चित्रे

चित्रीकरणाविषयी माझे मत प्रतिकूल आहे, निदान बाळांच्या बाबतीत. कूल, त्साओ आणि ल्यू यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ-दहा महिन्यांच्या बाळांसमोर मँडरिन भाषा बोलणाऱ्या व्यक्तींनी बारा वेळा बसून पुस्तके वाचली आणि खेळ घेतले, तेव्हा त्या भाषेतला अनोळखी ध्वनिभेद बाळांना ओळखता येऊ लागला. तेच साहित्य, त्याच व्यक्ती पडद्यावर दाखवल्या, तेव्हा मात्र बाळे काहीच शिकली नाहीत. समोरचे माणूस बाळाच्या नजरेला नजर देते, त्याच्या हुंकाराला थांबते; चित्रफीत थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाखालील बाळांसाठी आणि एक वर्षाच्या मुलांसाठी बसून पडदा पाहणे अयोग्य ठरवले आहे, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सांगितली आहे. त्यातून कमी असेल तर अधिक चांगले.

तरीही ज्यांना येणे जमत नाही, त्यांना रिकाम्या हाती ठेवू नये. गाण्यांचे केवळ ध्वनिमुद्रण पाठवा आणि सोबत स्पष्ट लिहा की हे मोठ्यांनी ऐकून पाठ करण्यासाठी आहे, मुलापुढे लावून ठेवण्यासाठी नाही. तासातल्या मुलांची छायाचित्रे किंवा चित्रणे तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय घेऊच नयेत, ग्रंथालयाच्या अहवालासाठीसुद्धा.

प्रतिसाद ६: सतरंजी

अहवालाचा उल्लेख आला, म्हणून एवढे सांगते. मंडळ तुमच्याकडे हजेरीचा आकडा मागेल आणि तो तुम्ही द्यालच, पण मुले आणि मोठी माणसे यांची नोंद वेगवेगळी ठेवा, आणि त्याच दिवशी बालविभागातून किती पुस्तके घरी गेली, हेही त्याच पानावर लिहा. त्यासाठी त्या आठवड्यात वाचलेली पुस्तके आणि त्यांच्या जोडीची आणखी काही पुस्तके, नुसती शिवणीकडची कड न दिसता मुखपृष्ठ दिसेल अशी, मुलाच्या गुडघ्याएवढ्या उंच टेबलावर मांडून ठेवा. बाळांच्या नावे सभासदत्व देण्यास तुमच्या नियमांत अडचण असेल, तर ती मंडळाच्या याच बैठकीत सोडवून घ्या. फाटलेल्या किंवा चावलेल्या पुठ्ठ्याच्या पुस्तकासाठी पालकांकडून भरपाई घेणार नाही, असाही ठराव करून घेता आला, तर फारच चांगले, कारण त्या भीतीपोटी लहान मुलांची पुस्तके घरी न नेणारी माणसे मी सातत्याने पाहते.